सुमित्राबाईचं पान

कुडवा,
१२ ऑगस्ट २०२४

ती. आत्याबाईंना,
कुडव्याहून रुचिकाचा शि. सा. न. वि. वि.

कानाचं मशीन तुम्ही पुन्हा डब्यात घालून ठेवलं, असं वीरेंद्र सांगत होते. आता तुम्हाला फोनवर काही सांगायचं म्हणजे सगळ्या कॉलनीला फुकटात बातमी. आणि मला जे विचारायचं आहे ते या घरात मोठ्याने विचारण्यासारखं नाही. म्हणून पत्र लिहिते. जन्मभर मुलांचं शुद्धलेखन तपासलंत, माझं तेवढं सोडून द्या.

जुलैमध्ये तिसऱ्यांदा तेच झालं. तीन महिने पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी नुसती औषधं लिहून दिली नाहीत. त्या म्हणाल्या की दोघांच्याही रक्तातली गुणसूत्रं तपासू, नमुने नागपूरला जातील. शिवाय दोन्ही घरांचा तीन पिढ्यांचा तक्ता मागितला आहे. कुणाला किती मुलं झाली, किती पोटातच गेली, कुणात जन्मतः व्यंग होतं. माझ्या माहेरचा तक्ता अर्ध्या तासात झाला. इकडचा अडला आहे.

सासूबाईंनी स्वतःचं सांगितलं. चार पोटातच गेली, पाचवा मुलगा दुभंगलेला ओठ घेऊन आला आणि अकराव्या दिवशी गेला, त्यानंतर वीरेंद्र. सांगताना त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की हे सगळं सुमित्राचं काम आहे, तिचं नाव लिही म्हणजे तक्ता पुरा होईल.

सुमित्राबाई म्हणजे मामंजींची वारलेली पहिली बायको, इतकंच मला ठाऊक. सवतीचा कोप होऊ नये म्हणून त्यांच्या नावाचा चांदीचा टाक सासूबाई लग्नापासून गळ्यात घालत आल्या. मी दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी त्यांनी तो काढून माझ्या गळ्यात घातला. त्यांच्या अंगावर तो कोमट होता. माझ्या अंगावर दिवसभर थंडच राहतो. दुपारी त्या बैठकीत एकट्याच हळू आवाजात बोलतात. आधी मला वाटलं फोन आहे. आत्याबाई, त्या सुमित्राबाईंशी बोलतात. मधे थांबतात, ऐकतात, मग उत्तर देतात. या वेळी मला दिवस गेल्याचं मी कुणाला सांगण्याआधी त्यांना माहीत होतं. कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, तिनं.

माझ्यात दोष निघाला तर वीरेंद्रचं दुसरं लग्न लावायचं असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. वीरेंद्र यावर काही बोलत नाहीत, आणि रक्त द्यायलाही जात नाहीत. मामंजी आता नाहीत, तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण. सुमित्राबाईंची किती गेली, त्या कशाने वारल्या, एवढं मला लिहून कळवा.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
रुचिका


अर्जुनी मोरगाव,
२० ऑगस्ट २०२४

चि. सौ. रुचिकास,
वच्छलाआत्याचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या चुका चार, माफ केल्या. कानाच्या मशीनमधून मला माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो, म्हणून ते डब्यात आहे.

तिसऱ्यांदाही तसंच झालं हे वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण दिवस गेलेले ओळखायला भुताची गरज नसते ग. तू फोडणीच्या वासाने उठून गेली असशील. सासवा त्याच कामाला बसलेल्या असतात.

तक्त्यासाठी लिही. माझ्या आईची दोन पोटातच गेली. मला दोन मुलं, दोन्ही धडधाकट. सुमित्रावहिनींना सुखरामदादाकडून तीनदा दिवस राहिले, तिन्ही गेले. पुढचं काय करायचं आहे तुला? डॉक्टरांना आकडा हवा, तो दिला.

एक मात्र माझं ऐक. तो टाक गळ्यातून काढ. निर्मलावहिनी रागावल्या तर माझं नाव सांग. तो घालण्याचं तुला काही कारण नाही. वीरेंद्रला रक्त द्यायला पाठव, सुईला घाबरत असेल तर लहानपणी मी त्याला धनुर्वाताची लस टोचून आणलं होतं, तेव्हाही दोन दिवस बोलला नव्हता.

इकडे धान निसवायला आलं आहे. प्रकृतीला जप आणि या म्हातारीला विसरू नकोस.
तुझी,
वच्छलाआत्या


कुडवा,
२७ सप्टेंबर २०२४

ती. आत्याबाईंना,
रुचिकाचा शि. सा. न. वि. वि.

माझा रिपोर्ट आला. माझी गुणसूत्रं पूर्ण आणि जागच्या जागी आहेत. मी कागद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या की मशीनला ती कशी दिसेल. नवरात्र झालं की मुलगी पाहायला सुरुवात करू, असंही म्हणाल्या. वीरेंद्रना रक्त द्यायला सांगितलं तर सासूबाईंनी ऐकवलं की त्यानं कायले सुई टोचून घ्यावी, दोष का मर्दात राहते. वीरेंद्र बूट घालून दुकानात निघून गेले.

परवा पितृपक्षातली नवमी झाली. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान आपल्याकडे वाढतात तसं सुमित्राबाईंचं वाढलं. गच्चीवर ठेवलं. कावळे आले, कठड्यावर ओळीने बसले, पानाकडे बघत राहिले. एकानेही चोच लावली नाही. शेजारच्यांच्या पानावर मात्र झुंबड. मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. त्या शांत होत्या. म्हणाल्या की त्रेचाळीस वर्षांत एकदाही कावळा शिवला नाही, तिचा जीव अजून भरला नाही.

तेव्हापासून माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. तक्त्यात वारलेल्या माणसावर तिरकी रेघ मारतात आणि वर्ष लिहितात. मी वर्ष विचारलं, सासूबाईंना माहीत नाही. कशाने गेल्या? लग्नाच्या वेळी सासूबाईंच्या वडिलांना कळवलं होतं की ताप आला. मामंजी मात्र सासूबाईंना सांगत की विहिरीत पडली. फोटो नाही, तिथी नाही, कुठे दहन केलं ते कुणाला ठाऊक नाही. मेलेल्या माणसाचं काहीतरी मागे उरतंच ना? सुमित्राबाईंवरची तिरकी रेघ अजून मारायची राहिली आहे.

तुम्ही सांगितलंत म्हणून टाक काढला. पण तुम्ही मला पुरतं उत्तर दिलं नाही. या घरातून मला काढतील ते एका मेलेल्या बाईच्या नावाने, आणि ती बाई कशी मेली हेसुद्धा मला विचारायचं नाही का?

रागाने लिहिलं असेल तर लेकीचं म्हणून सोसा.
रुचिका


अर्जुनी मोरगाव,
४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. रुचिकास,
आशीर्वाद. या पत्रानंतर तो घ्यायचा की नाही, ते तू ठरव.

तू रेघ मारली नाहीस ते बरं झालं. सुमित्रावहिनी जिवंत आहेत.

तिसरं पोट गेल्यावर बाबांनी त्यांना माहेरी पाठवून दिलं. वर्षभराने निर्मलावहिनींचं स्थळ आलं. त्यांचे वडील म्हणाले की पहिली वारली असेल तर मुलगी देतो, जित्या सवतीवर देणार नाही. बाबांनी मला ओट्यावर बसवलं, कारण घरात वळणदार अक्षर माझंच होतं. मी एकोणीस वर्षांची होते. आमची सून अल्पशा तापाने देवाघरी गेली, असं मी लिहिलं. खाली तारीखही घातली. ते पत्र वाचून तिकडचे लोक हळहळले म्हणे. पुढे खोट्याला अंग यावं म्हणून चांदीचा टाक घडवला. दादाला ते सगळं माहीत होतं. विहीर त्याने स्वतःच्या मनाने जोडली असेल.

वहिनींनी नंतर दुसरं घर केलं. आमगावजवळच्या एका खेड्यात त्या राहतात. वीस वर्षांपूर्वी आमगावच्या स्टेशनवर मला दिसल्या. सोबत उंच उंच मुलं होती. मी खांबाआड उभी राहिले आणि माझी गाडी जाऊ दिली. निर्मलावहिनींची एकेक मुलं जात होती तेव्हा मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आधी बाबांची भीती, मग दादाची, मग स्वतःचीच लाज. मुलांना खोटं बोलू नका म्हणून पट्टी मारत होते मी.

वहिनींना कालच पत्र टाकलं आहे. तुझी हकीकत आणि पत्ता दिला आहे. निर्मलावहिनींना हे मी स्वतः सांगावं की तू हे पत्र दाखवावंस, मला सुचत नाही. तू दाखव.

या हाताने लिहिलेलं हे पत्र तरी खरं मान.
वच्छला


आमगावजवळून,
१५ ऑक्टोबर २०२४

सौ. रुचिका सूनबाईले सुमित्राबाईचा आशीर्वाद.
(मी आचल, नात. आजी सांगते तसंच लिहीत आहे.)

पत्र पाहून भेवू नको. मी जित्ती आहे. या घरी माह्ये चार लेकरं झाले, चारही जित्ते आहेत. एकही पोट वाया गेलं नाही.

तुह्या सासऱ्याच्या घरून मले बैलबंडीत बसवून माहेरी आनून सोडलं, तवा तिसरं पोट जाऊन आठच दिवस झाले होते. मंग एक साल कासार बांगड्या भरायले आला. त्यानं सांगतलं का तिकडे मी मेली, माहा टाक केला आहे. मी हासली. मेलेल्या बाईले कोनी वापस न्यायले येत नाही, म्हनून चूप राहिली.

पन एक गोष्ट कोनाले सांगतली नाही. दरसाल नवमीले माह्या गळ्याखाली घास उतरत नाही. पोट भरून राहते. सकाळपासून पान्याचा घोट घेतला नसला तरी तोंडात उडदाच्या वड्याची चव येते. पयल्या साली वाटलं पित्त झालं. मालकाले म्हनत होती, मले कोनी तरी जेवू घालून राहिलं. थो हासे. यंदा वडे नव्हते. यंदा खीर होती, तांदळाची, अन वेलची जास्त पडली होती.

आता ज्याच्यासाठी लिहून राहिली थे आयक. निघताना मी त्या उंबरठ्यावर बोटं मोडली. म्हटलं, या घरात पाळना न हालो. मंग निर्मलाचे लेकरं जातात असं कानावर येत गेलं. मी मोजत होती. पाच. वच्छलानं लिहिलं, तुह्ये तीन. सूनबाई, हे मी खाल्ले का? तुह्या नवऱ्याले रक्त द्यायले लाव. शापानं झालं का रक्तानं, थे मले मरायच्या आंधी समजलं पायजे.

जवाबाची वाट पाहीन.
सुमित्राबाई


कुडवा,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाईंना,
रुचिकाचा शि. सा. न. वि. वि.

आशीर्वाद घेतला. माझं मन पुरतं साफ झालेलं नाही, पण पत्र मात्र खरं मानलं.

आधी एक सांगते. दरवर्षी वडे असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. या नवमीला सासूबाईंचा हात तेलाने पोळला होता, म्हणून पहिल्यांदाच मी खीर केली. वेलची जास्त पडली. हे मी तुम्हालाही लिहिलं नव्हतं. त्या ओळीवर बोट ठेवून मी किती वेळ बसले होते कोण जाणे.

सुमित्राबाईंचं पत्र वीरेंद्रनी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी न सांगता रक्त देऊन आले. शनिवारी रिपोर्ट आला. त्यांच्या दोन गुणसूत्रांची टोकं एकमेकांत अदलाबदल झाली आहेत. दोन वह्यांची शेवटची पानं एकमेकींत शिवली गेली असं समजा. दोन्ही वह्या जवळ आहेत तोवर काही हरवत नाही, म्हणून त्यांना स्वतःला त्रास नाही. पण मुलाला एकच वही देताना कधी पानं कमी जातात, कधी जास्त. बहुतेक मामंजींकडून आलं असावं, आता तपासता येणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नीट वाटा जाणंही शक्य असतं, वीरेंद्र आहेतच की. पुढच्या वेळी दिवस गेले तर सोळाव्या आठवड्याला गर्भजल तपासू. मला आशा आहे, आणि भीतीही तेवढीच आहे. वीरेंद्र घरी येऊन माझ्यासमोर रडले. लग्नाला सहा वर्षं झाली, मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

सासूबाईंना तुमचं पत्र, सुमित्राबाईंचं पत्र आणि रिपोर्ट एकाच बैठकीत वाचून दाखवला. तेव्हापासून दुपारी बैठकीत आवाज नाही. आज मला म्हणाल्या की कागद आण, मोठीले पत्र लिहायचं आहे, माह्या डोळ्याले दिसत नाही, तू लिही. नक्कल तुम्हालाही पाठवावी असं त्यांनीच सांगितलं. ती सोबत जोडते.

थंडी वाढली आहे, गुडघ्यांना शेक घेत जा.
रुचिका


कुडवा,
१८ नोव्हेंबर २०२४

मोठ्या बाईले धाकटीचा पाया पडून नमस्कार.

रिपोर्ट आला. तू कोनाचं लेकरू खाल्लं नाही. मी बी खाल्लं नाही अन या पोरीनं बी नाही. जे होतं थे तुह्या माह्या मालकाच्या रक्तात होतं, त्याले सोताले बी मालूम नव्हतं. तू आता निवांत राहा.

त्रेचाळीस साल मी तुह्यासंगं बोलली. मालकासंगं एवढी कधी बोलली नाही. तू मले जवाब देत होती. कधी रागावे, कधी समजावे. आता तू जित्ती आहे म्हनतात, तर मंग थे कोन बोलत होतं, मले समजत नाही. वच्छलाचं पत्र आयकलं त्या दुपारपासून आवाज येत नाही. मले त्याचंच भेव लागून राहिलं.

तुह्यापासून काही लपवत नाही. पोळा झाल्यावर तिसऱ्या दिवशी आमगावाकडचा एक मानूस घरी आला होता. मी सूनबाईले सांगतलं का धानाचा व्यापारी आहे. थो पोरीचा बाप होता. वीरेंद्रसाठी मी बोलावला होता. त्यानं विचारलं, पयली आहे का गेली, जित्या सवतीवर मी पोरगी देत नाही. मी म्हटलं, गेली. तापानं गेली. तवा रुचिका आतमधी चाय मांडून राहिली होती. तिनंच कप आनून देल्ला. त्यानं तिले पाहून विचारलं, हे कोन. मी म्हटलं, कामाची बाई.

हे मी हिच्याच हातानं लिहून घेऊन राहिली. हिचा हात थांबला आहे. मी म्हटलं, लिही, थांबू नको, तुह्या तोंडावर बोलल्याशिवाय हे पाप उतरत नाही. थो मानूस अजून होकार धरून बसला आहे. उद्या त्याले पत्र जाते, का माही सून जित्ती आहे. थे बी हीच लिहीन.

चुकलीमाकली पोटात घाल.
सांगनार निर्मलाबाई, लिहिणार रुचिका