सुनामेरीच्या आवाजांची वाटणी

मी, सौ. सुलेखा सदानंद वर्तक, वय अठ्ठावन्न, समुद्रातील आवाजांची अभ्यासक, मूळची पुण्याची, हल्ली राहणार ग्योतोकु, चिबा प्रांत, जपान, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. स्वादुपिंडाच्या आजाराने शरीर खंगले आहे, बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मत्सर आहे, परंतु तो माझा स्वतःचा आहे आणि कायद्याची त्याला हरकत असल्याचे वकिलांनी सांगितलेले नाही.

१. ग्योतोकुचा फ्लॅट व बँकेतील शिल्लक माझे पती श्री. सदानंद यांना द्यावी. त्यांनी प्लास्टिक, जाळण्यासाठी वेगळ्या ठेवायच्या कचऱ्यात टाकू नये. पिशवी परत दारात येते आणि शेजाऱ्यांपुढे मान खाली घालावी लागते. तसेच माझी निळी ताटे डॉ. वृंदा आगाशे हिच्यासाठी काढू नयेत. "वृंदाच्या आमटीला काय चव असते!" हे उद्गार त्यांनी माझी आमटी ओरपत काढलेले आहेत.

२. कोथरूडच्या जागेतील माझा हिस्सा बहीण सुनीता हिला. तिच्याविषयी तक्रार नाही.

३. पाण्याखालचे मायक्रोफोन आणि ते ओढून घेणारी विंच मुराता-सान यांना. २०११ च्या त्सुनामीत त्यांची होडी गेली. नवी घेतली तेव्हा तिच्यावरची पहिली प्रवासी मी होते. सुनामेरी म्हणजे पाठीवर पर नसलेला, डॉल्फिनचा लहानखुरा राखाडी भाऊबंद. सुनामेरीचा आवाज माणसाच्या कानाला पोचत नाही, यंत्रावर मंद करून ऐकावा लागतो. मुराता-साननी माझा हेडफोन लावला आणि ते ओरडले, "बोलतायत की!" त्या दिवसापासून मी ती होडी माझीच समजत आले. पुढे ते वृंदालाही नेऊ लागले. एकदा मला कौतुकाने म्हणाले, "वृंदा-सानना समुद्र लागत नाही." मला तो आयुष्यभर लागला. तरीही विंच त्यांनाच द्यावी.

४. आता वृंदा. तिला पुण्याहून मीच आणले. माझ्याच टेबलाशी बसून ती सुनामेरीचा आवाज ओळखायला शिकली. अणुभट्टीच्या अपघातानंतर या देशाला समुद्रातील पवनचक्क्या हव्या झाल्या, मलाही हव्या होत्या. पण चक्कीचा पोलादी खांब तळात ठोकताना होणारा दणका पाण्यातून फार लांब जातो, आणि सुनामेरी कानांवर जगते. ठोकाठोकी सुरू झाली की आमच्या उपसागरातून त्या निघून जातील, असे मी अहवालात लिहिले. चक्क्या उभारणाऱ्या कंपनीने माझे आभार मानले आणि नोकरी वृंदाला दिली.

तिने खांबाभोवती तळावर भोके पाडलेली नळी अंथरून हवा सोडली. बुडबुड्यांच्या त्या पडद्यात दणका बराच विरतो. भर बैठकीत मी म्हणाले, "बुडबुड्यांनी सुनामेरी थांबतात होय?"

ती शांतपणे म्हणाली, "थांबणार नाहीत, ताई. पण फार लांब पळणार नाहीत, आणि परत येतील."

काम सुरू झाले तशा त्या गेल्या. काम संपल्यावर परत आल्या. खांबांवर शिंपले चढले, शिंपल्यांपाशी मासे जमले, माशांमागे सुनामेरी. म्हणजे गेल्या हे माझे खरे झाले, परतल्या हे तिचे. वर्तमानपत्रात फोटो आला तो पिवळे हेल्मेट घातलेल्या वृंदाचा. त्या हेल्मेटमध्येही ती छान दिसते.

५. माझे दागिने मुलगी ओवी हिला. ती आता वृंदाच्या हाताखाली पीएच.डी. करते. एकदा फोनवर म्हणाली, "आई, आज सेन्सेईंनी मला बोटीवर नेलं."

"कोण सेन्सेई?"

"वृंदामावशी गं."

"मावशीची एकदम गुरू, सेन्सेई कधी झाली?"

त्यावर ओवी जपानीत काहीतरी पुटपुटली. लहानपणी मी तिला बोटीवर ये म्हटले की तिचे पोट दुखायचे.

६. चक्क्या येण्यापूर्वी मी अनेक वर्षे केलेली त्या उपसागराची ध्वनिमुद्रणे दुसऱ्या कोणाकडेही नाहीत. पूर्वी सुनामेरी किती बोलत असत हे त्यांतूनच कळेल. आज परतलेल्या तितक्याच आहेत की मूठभर, हेही. वृंदाने ती मागितली, मी दिली नाहीत. गेल्या महिन्यात दवाखान्यात येऊन तिने पुन्हा विषय काढला.

"ताई, माझा निष्कर्ष खोटा ठरला तरी चालेल. उत्तरेला आता याहून मोठे खांब ठोकणार आहेत. तिथे चुकायला नको."

हे वाक्य मी बोलायला हवे होते. तेही तिनेच बोलून टाकले.

सबब, सर्व ध्वनिमुद्रणे डॉ. वृंदा आगाशे हिला द्यावीत. अट अशी की उत्तरेचा पहिला खांब ठोकण्यापूर्वी, जे काही निघेल ते तिने छापावे, कंपनीला रुचो वा न रुचो. त्या लेखावर नाव आधी माझे असेल.

७. आज सह्यांच्या वेळी वृंदा आपणहून आली. पेन उघडून म्हणाली, "साक्षीदार म्हणून कुठे सही करू?"

"तू नाही करायचीस."

"एवढाही विश्वास नाही, ताई?"

"ज्याला काही मिळायचं असतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले."

तिने पेनाला टोपण लावले. मग तिला रडू फुटले. ओवी धावत आली. तिने आधी वृंदाला जवळ घेतले, मग मला. शुद्धीवर असताना हेही येथे नोंदवून ठेवते.

वरील मजकूर मी वाचून पाहिला असून त्यातील एकही शब्द मागे घेत नाही.

सही: सुलेखा सदानंद वर्तक

साक्षीदार, आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. श्रीहरी दामले, ग्योतोकु
२. कश्मिरा दामले, ग्योतोकु

स्थळ: ग्योतोकु, चिबा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४