काळं आमिष, हिरवा चमचा

केटल तळं, उत्तर विस्कॉन्सिन
९ सप्टेंबर १९९४

प्रिय सिग्रुनताई,

मी बरा आहे. तू बरी असशील आणि गुडघा मुलीच्या घरचा जिना चढण्याइतका बरा झाला असेल, असं धरून चालतो. अक्षर वेडंवाकडं दिसेल. टेबलाचा एक पाय आखूड झालाय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

इकडची हालहवाल अशी. तुझ्या घराची कौलं शाबूत आहेत. चर्चच्या जेवणात यंदाही बटाट्याच्या सात भाज्या आल्या आणि गोड कोणीच आणलं नाही. शेजारचा डेल्बर्ट नवीन होडी घेऊन बसलाय. तिच्यावर मासे दाखवणारं यंत्र आहे. त्यात त्याला ढीगभर मासे दिसतात, ते गळाला का लागत नाहीत ते यंत्र सांगत नाही. पाणी गार व्हायला लागलंय, दगडी टोकापाशी नांगीवाले झिंगे निघालेत आणि त्यांच्यामागे बास मासे. लहान तोंडाचे, लाल डोळ्यांचे, आपले. गेल्या वर्षीपेक्षा माजलेले.

उन्हाळ्यात मी बरीच मासेमारी केली आणि एक गोष्ट कळून चुकली. माणसाला एकच आमिष पुरतं. तू दर पंधरा मिनिटांनी बदलायचीस. ऊन आलं की हे काढ, वारा सुटला की चकचकीत लाव, पाणी गढूळ असेल तर पिवळं, संध्याकाळी वरवर तरंगणारं. माझं निम्मं आयुष्य तुझ्या गाठी बघण्यात गेलं. यंदा जूनमध्ये मी एक काळं पिसांचं आमिष बांधलं आणि तेच ठेवलं. भर ऑगस्टमध्ये, पाणी तापलेलं, बास वर येऊन फडफडताहेत, अशा वेळीसुद्धा मी ते तळाशी सोडून बसायचो. डेल्बर्टला म्हटलं, "खरा मासेमार आमिष बदलत नाही, माशाचं मन बदलतो." त्याला ते इतकं पटलं की त्यानंही आपलं एकच आमिष धरून ठेवलं. जून ते ऑगस्ट मला अकरा मासे मिळाले. त्याला दोन. त्यातला एक मेलेला होता.

ते काळं आमिष कुठलं, ते तुझ्या लक्षात आलं असेलच.

आता त्या विषयावर यायलाच हवं. अकरा महिने तू माझा फोन घेत नाहीस. तुझी मुलगी दरवेळी म्हणते, "मामा, आई झोपलीय." सकाळी दहा वाजताही तू झोपलेली असतेस.

ताई, धक्क्यावरची आपली रीत तुला माझ्याइतकीच ठाऊक आहे. मासा ज्या आमिषावर लागला ते धक्का दिसायच्या आत कापायचं आणि दुसरंच काहीतरी बांधून किनाऱ्याला लागायचं, म्हणजे गुपित फुटत नाही. बाबांनी हेच केलं. या तळ्यावर खरं आमिष घेऊन धक्क्याला लागलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. म्हणून त्या दिवशी तू मागे बसून मोटर धरली होतीस, साडेसहा पौंडांचा तुझा बास टाकीत उड्या मारत होता, तेव्हा माझा हात आपोआप तुझ्या गळाच्या काठीकडे गेला. मी काळं आमिष कापून खिशात टाकलं आणि दुकानातलं ते चमच्यासारखं पत्र्याचं आमिष, तो हिरवा चमचा, बांधला. आणि नेमका त्याच दिवशी धक्क्यावर वर्तमानपत्राचा फोटोवाला उभा.

त्यानं विचारलं, "कशावर लागला?" तू तोंड उघडलंस. पण मी आधी बोललो.

फोटो छापून आला. तू, तुझा मासा आणि हिरवा चमचा. दोन दिवसांत विल्माच्या गळ-आमिषांच्या दुकानातले सगळे हिरवे चमचे संपले. आजतागायत त्यावर एक मासा कोणाला लागलेला नाही, पण तळाला इतके अडकून पडलेत की वरून बघितलं तर बाग दिसते.

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालीस, "ऑरिन, सात वर्षं लागली मला ते जमवायला." आणि मुलीच्या गाडीत बसलीस. मला माहीत होतं ना. बाबांच्या अस्वलाच्या कातड्याचे केस तू सात वर्षं कातरतेस, त्या अस्वलाला आता टक्कल पडलंय. कोंबड्याची पिसं चहात भिजवून तू रंग आणायचीस, आणि एकदा मी तोच चहा प्यायलोय. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी तुझं नाव धक्क्यावर कापून खिशात घातलं. तू गुडघ्याचं निमित्त सांगून गेलीस. तुझा गुडघा त्या दिवशी ठणठणीत होता.

आता पुढचं ऐक.

ऑगस्टच्या शेवटी एका पाइक माशानं गळाचा तंगूस दातानं तोडला आणि ते आमिष घेऊन गेला. तुझ्या पेटीत अजून तीन काळी होती, म्हणून मी घाबरलो नाही. स्वयंपाकघरात बसलो आणि एक तंगूसाला बांधायला घेतलं. सकाळी नऊला बसलो, दुपारी एकला उठलो. गळ अंगठ्यात दोनदा शिरला, आमिष एकदा कॉफीत पडलं, पण गाठ काही बसली नाही.

टेबलाचे चारी पाय सरळ आहेत, ताई. हात थरथरतात. दीड वर्ष झालं, यंदा फारच वाढलं. जूनमधली ती एक गाठ मारायला मला अख्खा दिवस लागला होता, म्हणून उन्हाळाभर दुसरं आमिष लावलं नाही. तत्त्वज्ञान वगैरे सगळं डेल्बर्टसाठी. डॉक्टर म्हणतो, यानं मरणार नाहीस आणि यातून बरा होणार नाहीस. सूप मी आता कपातून पितो.

कोणाला तरी "बांधून दे" म्हणायचं तर आमिष दाखवावं लागतं. आणि दाखवायचं तर धक्क्यावरचं खोटं उघडं पडतं. म्हणून मी चार दिवस घरात बसलो. चौथ्या दिवशी स्वतःचाच वीट आला. शनिवारी सकाळी, सगळे कॉफीला जमलेले असताना, विल्माच्या काउंटरवर काळं आमिष ठेवलं आणि मोठ्यानं सांगितलं, "साडेसहा पौंडी बास यावर लागला होता. हे सिग्रुननं स्वतः बनवलंय. हिरवा चमचा मी नंतर बांधला. मी खोटं बोललो."

सगळ्यांनी कॉफीचे कप खाली ठेवले. मग डेल्बर्टनं डोळा मारला आणि म्हणाला, "म्हातारा गुपित राखायला किती खोलात शिरलाय बघा. म्हणजे हिरवाच खरा." आणि सगळ्यांसमोर त्यानं आणखी दोन हिरवे चमचे घेतले.

मी शपथ घेतली. ते आणखी हसले. पाद्रीबाबांनीही एक घेतला.

तिथून तडक वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. संपादक म्हणाला, "ऑरिन, मासेमारांच्या खोट्याच्या दुरुस्त्या छापायला लागलो तर मला वेगळी पुरवणी काढावी लागेल." मी दीड तास तिथं बसून राहिलो, तेव्हा त्यानं छापलं. विनोदांच्या रकान्यात. कात्रण सोबत जोडलंय. त्यात तुझं नाव मात्र बरोबर आहे, ते मी तीनदा तपासून घेतलं.

विल्मा एकटीच हसली नाही. तिनं मुकाट्यानं आमिष बांधून दिलं. मी तळ्यात गेलो, पहिल्याच फेकीत ते दगडात अडकून तुटलं. परत आलो. तिनं दुसरं बांधलं, तेही गेलं. तिसऱ्यांदा आलो तेव्हा ती म्हणाली, "मी दुकान चालवते, तुझ्या होडीत बसायला येऊ का?" रागावली नव्हती. पण मी तिसरं न बांधताच घरी नेलं.

आता तू म्हणशील, याला बहीण नको, बोटं हवीत. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की बोटं विल्माचीही होती आणि चांगली होती. पण होडीत मागे वळून "आता काय लावायचं?" असं विचारायला कोणी नाही, आणि "गप्प बस, वारा बघ" असं म्हणायलाही कोणी नाही. मला हे सत्तर वर्षं ऐकायची सवय आहे. मी चुकलो, ताई. पाण्यावर नाही, धक्क्यावर चुकलो.

तू येऊन, सगळ्यांदेखत, स्वतःच्या हातानं बांधून मासा काढलास तरच लोक विश्वास ठेवतील. माझ्यावर कोणी ठेवणार नाही, ती कमाई माझीच आहे. मी पुढे बसेन, तुझ्याकडे पाठ करून. तुला वाटेल तितकं बोल. धक्क्यावर फोटोवाला आला तर मी तोंड उघडणार नाही. काठी तुझ्या हातात असेल आणि मी तिच्या जवळपासही येणार नाही.

शुक्रवारची बस दोन वाजता पोस्टासमोर थांबते. मी तिथं असेन. येत्या शुक्रवारी नाही जमलं तर पुढच्या शुक्रवारीही असेन.

हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. होडी बांधून ठेवलीय. मासे मजेत आहेत. मी नाही.

तुझा धाकटा,
या खेपेला एकही शब्द न बदललेला
ऑरिन