चौकात बंद पडणारी गाडी

अण्णा, ‘बाईच्या हातात गाडी दिली की ती भर चौकात बंद पडणारच,’ असं तुम्ही म्हणाला होता. मी एकोणीस वर्षांची होते, औरंगपुऱ्याच्या चौकात आपली जीप तिसऱ्यांदा बंद पडली होती आणि मागं रिक्षांचे हॉर्न थांबत नव्हते. तर सांगायचं हे, की माझी गाडी अजूनही चौकात बंद पडते. रोज, जवळजवळ प्रत्येक सिग्नलला. आणि मी तिला पडू देते.

गाडी माझी स्वतःची आहे, तीन वर्षं झाली घेऊन. लाल दिव्याला न्यूट्रल करून क्लचवरचा पाय काढला की इंजिन आपोआप थांबतं. हिरवा लागल्यावर क्लच दाबला की आपोआप सुरू होतं. उभ्या गाडीत उगाच पेट्रोल जळू नये म्हणून कंपनीनंच केलेली सोय आहे ही. नको असेल तर बंद करायला एक बटण आहे, आणि ते दाबा असं मला सगळेच सांगतात. भाऊ म्हणतो, “ताई, दाब ते. एक दिवस स्टार्टर जाईल, मग बसशील रस्त्यात.” नवरा शेजारी बसला की सीटबेल्टच्या आधी त्याचं बोट त्या बटणाकडं जातं. मी त्याचा हात बाजूला करते. पहिल्यांदा इंजिन गप्प झालं तेव्हा माझी मान आपोआप खांद्यात गेली होती, तुमचं वाक्य येणार म्हणून. वाक्य आलं नाही. बाजूच्या स्कूटीवरची बाई फोनवर कुणाला तरी “कोथिंबीर निवडून ठेव” म्हणत होती, तेवढंच ऐकू आलं. हिरवा लागला, मी क्लच दाबला, गाडी निघाली. मागं वळून कुणी पाहिलंही नाही. त्या दिवशी मी ठरवलं, हे बटण दाबायचं नाही.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. विहिरीच्या पायरीवर घसरून तुमच्या डाव्या हाताला प्लास्टर बसलेलं. गिअर टाकता येत नाही, म्हणून जीप माझ्याकडं आली. त्याआधी महिनाभर शेताच्या रिकाम्या वाटेवर, जिथं मधे थांबावं लागतच नव्हतं, तुम्हीच शिकवलं होतं मला. फार छान शिकवलं होतं, हे आधी लिहायला हवं होतं. लायसन्सही तुम्हीच काढून दिलं. आणि आता आत्याच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आपण शहरात निघालोय. तुम्ही माझ्या डावीकडं, मागं आई, आत्या आणि आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा. फुलंब्रीपासून मी एकदाही चुकलेली नाही. चौकात पोलीस हात दाखवतो, मी थांबते, आणि जीप धाप टाकून बंद पडते. सुरू करते, पुन्हा बंद. रिक्षावाला डोकं बाहेर काढून विचारतो, “ओ बाजी, धक्का मारूं क्या?” आत्या तोंडाला पदर लावून हसते. मामा मागून विचारतात, “गाडीत काई खोट तर न्हाई ना, पाव्हणं?” आणि तिसऱ्यांदा जीप बंद पडते, तेव्हा तुम्ही माझ्याकडं न बघता, मागं मामांकडं वळून ते वाक्य बोलता.

मग मला मागं पाठवलंत आणि स्टेअरिंगवर स्वतः बसलात. गिअर टाकायला आईला पुढं बोलावलंत. आई दोन्ही हातांनी दांडा धरून बसली आणि तुम्ही ओरडत होता, “मागं ओढ! अगं, मागं! तो तिसरा झाला!” गिअर म्हणजे काय हे माहीत नसलेली बाई चालली, पण मी नाही. येताजाता जिथं जिथं जीप थांबली तिथं तुमचा उजवा पाय ब्रेक आणि रेस दोन्हींवर आडवा पडलेला मी मागून बघत होते. जीप एकदाही बंद पडली नाही. मला वाटलं, याला म्हणतात हात बसलेला ड्रायव्हर. त्यानंतर बावीस वर्षं मी स्टेअरिंगला हात लावला नाही. मुलांना घेऊन, पिशव्या घेऊन एसटीची वाट बघत उभी राहिले. एक्केचाळीसाव्या वर्षी माझ्याहून लहान मास्तराकडं क्लास लावला, तोही घरात न सांगता.

गेल्या महिन्यात आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेत होते. तोच चौक, लाल दिवा, इंजिन थांबलं.

“बंद पडली का गं?”

“पडली नाही आई, थांबली. आपोआप सुरू होते.”

“म्हंजे आपल्या जीपवानीच की,” आई हसली. “ती बी उभी राहिली की बंद. फकस्त आपोआप सुरू व्हत नव्हती.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. रेसवर पाय ठेवला तरच टिकायची. ह्यांना म्हाईत व्हतं की.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“मागं मामा बसले व्हते ना. त्यांना इकायची व्हती जीप. खोट हाय म्हणलं असतं तर घेतली असती व्हय त्यांनी?”

“मामांना नंतर कळलंच असेल.”

“कळलं असंल. पण आपण फसलो म्हणून कोण सांगतंय बाई?”

हिरवा कधी लागला ते मला कळलं नाही. मागून हॉर्न सुरू झाले, तेव्हा क्लच दाबला.

आठ दिवसांत मामांनी जीप नेली. त्या पैशातून पुढच्या खोलीवर स्लॅब पडला आणि त्या स्लॅबखाली मीही अभ्यास केला, ते मी नाकारत नाही. चौकात तुम्ही जे बोललात तेही मी एक वेळ सोडून देईन. पण संध्याकाळी घरी आल्यावर, दार लावून, मला एकटीला सांगता आलं असतं. ‘पोरी, जीपच तशी आहे, कुणाला बोलू नको.’ मी बोलले नसते, अण्णा. तशीच मुलगी होते मी. त्यानंतर तुम्ही पंधरा वर्षं होता. पंधरा वर्षं मला स्टॅंडवर सोडायला येत होता, एसटी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहत होता. एवढा वेळ पुरायला हवा होता.

डॉक्टरकडून त्याच दिवशी परत येताना मात्र एक झालं. सिग्नलला इंजिन थांबलं असताना आईची औषधाची पिशवी मागच्या सीटवरून घ्यायला मी पट्टा काढला. हिरवा लागला, क्लच दाबला, गाडी सुरूच होईना. मागं हॉर्न. आणि मी आईवर खेकसले, “तू काय दाबलंस?” आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. पट्टा काढला की ही गाडी आपोआप सुरू होत नाही, चावी फिरवावी लागते, हे मला माहीत होतं. तरी आधी तेच तोंडातून गेलं. चावी फिरवली, गाडी निघाली. फुलंब्रीला आई उतरताना मी म्हणाले, “तुझी चूक नव्हती, पट्टा मीच काढला होता.” ती म्हणाली, “असू दे गं, मला कुठं कळतंय त्यातलं.” एवढं एक वाक्य बोलायला सगळा रस्ता लागला मला, हे कबूल करते. पण लागला तरी रस्ताच लागला, जन्म नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही. गाडीच्या कागदांबरोबर राहील. मामाही मागच्या वर्षी गेले. तिकडं तुमची गाठ पडत असेलच, आणि जीपचा विषय दोघंही टाळत असाल. एकदा तुम्हीच काढा. त्यांच्यासमोर, मोठ्यानं म्हणा की त्या दिवशी पोरीची चूक नव्हती. तुम्ही म्हणणार नाही, अण्णा, मला माहीत आहे. तरी म्हणा.