गूळ आणि मलमलीचा तुकडा

मावशी, परवा सोयाबीनच्या मळणीला आलेल्या बायांना माझ्या सुनेनं नाकाला बांधायला मलमलीचे रुमाल आणि गुळाचा एकेक खडा दिला. "फार खर्च नाही आई, पण धुळीपासून जीव तर वाचतो," असं मला म्हणाली. बाया खूश झाल्या. मी मात्र तशीच आत निघून गेले. माझं काय बिनसलं हे तिला कळेना. तिला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तुला लिहिते आहे.

मोताळ्याच्या त्या कापसातली सरकी काढायच्या जिनात मी आले तेव्हा सतरा वर्षांची होते. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. तू तिथं बायांची मुकादमीण. नात्यानं कोणी नव्हतीस, पण सगळ्या तुला मावशीच म्हणायच्या. पहिल्या दिवशी यंत्राला कापूस घालताना रुई अशी उडत होती की समोरच्या बाईचं तोंड दिसत नव्हतं. तासाभरात मला खोकल्याची उबळ आली. तू मला हाताला धरून बाहेर नेलंस आणि कमरेच्या पिशवीतून मऊ धुतलेला मलमलीचा तुकडा काढून स्वतः माझ्या नाकाला बांधलास. "हे रोज धुवत जाय," म्हणालीस. सुट्टी झाल्यावर गुळाचा खडा हातावर ठेवलास. "खाय. छातीतली रुई खाली उतरते यानं." खरंच उतरते की नाही, कोण जाणे. पण घरी माझ्या खोकल्याकडं लक्ष द्यायला कोणाला वेळ नव्हता, आणि तू रोज विचारायचीस. थंडी पडली तेव्हा ओव्याची पुरचुंडी दिलीस, तव्यावर गरम करून छाती शेकायला. संक्रांतीला बाकीच्या बायांनी एकमेकींना फण्या, आरसे वाण म्हणून दिले. तू मला तुळशीचं रोप दिलंस, काढ्यासाठी. माझ्या आईनंसुद्धा कधी माझ्यासाठी एवढा विचार केला नव्हता.

मग जिनाच्या तपासणीला सरकारी साहेब येणार अशी बातमी आली. दुपारी भाकर खाताना तू मला बाजूला घेतलंस. "पोरी, तू चौथी शिकली. तुले नीट बोलता येते. साहेबाले सांगजो, वरच्या खिडक्या उघडा म्हणा, बायाइले नाकाले फडकं द्या म्हणा. लय बाया खोकून राह्यल्या."

"मले भेव वाटते, मावशी. शेठजी काय म्हणतीन?"

"मी हाओ न तुह्या मांगं. तू फक्त तोंड उघड."

मी तोंड उघडलं. साहेब आला तो खुर्चीवर बसला, शेठजी त्याच्या शेजारी उभे. मी पुढं होऊन सगळं सांगितलं. खिडक्या, खोकला, फडकं, काही सोडलं नाही. माझा आवाज कापला नाही. साहेबानं तुझ्याकडं पाहिलं. "काय हो मुकादमीण, खरं आहे का?"

तू आधी शेठजींकडं पाहिलंस. ते पाहणं मला अजून दिसतं. मग म्हणालीस, "नाई साहेब. या पोरीले लहानपणापासून दमा हाये. बाकीच्या बाया ठणठणीत हायेत." मी "मावशी!" म्हणून ओरडले, तर तूच माझ्यावर डाफरलीस. "तोंड आवर! दोन अक्षरं काय शिकली, लय मोठी झाली!" तुझ्या पदराचं टोक तोंडाशी होतं. तू खोकला दाबत होतीस, मावशी. मी बघितलं ते.

दुसऱ्या दिवशी चौकीदारानं मला फाटकातच अडवलं. आणि संध्याकाळी तू माझ्या घरी एका बाईच्या हातून काय पाठवलंस? गुळाची अख्खी भेली आणि मलमलीचा नवाकोरा तुकडा! मी दोन्ही उकिरड्यावर फेकायला निघाले. आईनं हातातून भेली हिसकावली. "गुळानं काय केलं व तुहं?" म्हणाली, आणि त्याच गुळाचा चहा टाकला. मी तो प्यायले नाही.

काम गेलं त्याचं मला एवढं नव्हतं. पण तो शब्द गावभर झाला. दमेकरी पोरगी. दोन ठिकाणची बोलणी त्यावरून मोडली. एका ठिकाणी तर सुपारी फुटायची बाकी होती. तुला ते कळलं असणारच, मोताळा केवढंसं गाव. तू एकदा जाऊन "मी खोटं बोलली" म्हणाली असतीस तर? शेवटी लोणारला बिजवराला दिली मला. माणूस चांगला निघाला, भाजीपाल्याच्या मळ्यात आम्ही दोघं राबलो, पोरं झाली. माझं वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर कोणी प्रेमानं काही हातात ठेवलं की मी आधी त्या माणसाच्या तोंडाकडं बघते.

तुझंही पोट त्या मुकादमकीवर होतं, पदरी तीन लेकरं होती. हे सगळं मला कळतं. कळून राग गेलेला नाही.

नंतर बऱ्याच वर्षांनी मोताळ्याचा एक बैलवाला लोणारच्या बाजारात भेटला. "मुकादमीण अंथरुणाले लागली. खोकून खोकून हाडं राह्यली. तुही आठवण काढते, एक डाव येऊन जाय म्हणते." आठ दिवसांनी तू गेल्याचं कळलं. मी सगळ्यांना सांगितलं, निरोप मिळाल्यावर भेटायला निघाले होते पण एसटीच आली नाही.

एसटी आली होती, मावशी. अगदी वेळेवर. मोताळ्याला जायची ती बुलढाण्याचीच गाडी. कंडक्टरनं दोनदा "बुलढाणा, बुलढाणा" म्हणून हाक मारली, माझ्याकडं बघूनसुद्धा. मी बाकावर बसून राहिले. गाडी गेली आणि मी घरी आले. तू वाट पाहत असशील हे मला माहीत होतं, आणि त्या दिवशी मला त्याचं बरं वाटलं.