प्याला पुढे गेला

मुळशी,
ता. २४ एप्रिल १९५७

ती. आक्कास,
धाकट्या एस्तेरचा सलाम वि. वि.

ईस्टर बरा गेला. ऊन मात्र असं पडलंय, की धरणाचं पाणी पार खाली उतरलं आणि बुडालेल्या गावांची जोती उघडी पडली. म्हातारी माणसं काठावर बसून कुणाचं घर कुठं होतं ते बोटानं दाखवतात.

कृपा कशी आहे? दोन वर्षं झाली तिला तुझ्याकडे ठेवून. मी तिची आई, आणि तिचा पुढचा दात पडल्याचं मला तुझ्या कार्डावरून कळतं! आक्का, तू म्हणाली होतीस, नाताळपासून जूनपर्यंत शांतवन कोरडा राहिला तर शाळा सुरू व्हायच्या आत पोरगी पाठवीन. शब्द लक्षात आहे ना? ह्यांनी अजून दारूचा थेंब घेतलेला नाही.

तू विचारशील, कशावरून. तर ऐक. संध्याकाळी धरणावरच्या कामावरून आले, की जेवायच्या आधी हे माझ्यापुढे येऊन तोंड उघडतात. वास घे म्हणतात. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याच्या तोंडाचा वास घेणारी मी कोण? पुरे आता, माझा विश्वास आहे, असं मी सांगून पाहिलं. तर म्हणाले, तुजा इश्वास हाय, पर माजा माज्यावर न्हाई. ओढ्यात ती भट्टी आहे ना, सरकारच्या दारूबंदीला न जुमानणारी, तिच्या वाटेनं हे येतच नाहीत. डोंगराला वळसा घालून येतात, पाय दुखत असले तरी. मी बघत राहते. ज्या माणसाला मी रस्त्यातून उचलून आणलं, तोच हा, हे कधीकधी खरंच वाटत नाही.

कृपाला माझे पापे. तुझी माया आमच्यावर आहेच, ती थोडी ह्यांच्यावरही वळव.

तुझी,
एस्तेर

•

राहुरी,
ता. ३० एप्रिल १९५७

चि. एस्तेरला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कृपा मजेत. परवा तिनं माझ्या कोंबडीला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. कोंबडी जगली, पण अंडी द्यायची थांबली. तुझे दाजी हसतात, आणि मी ओरडायचं म्हणते तर मलाच हसू फुटतं. रात्री मला बिलगल्याशिवाय तिला झोप येत नाही.

तुझ्या नवऱ्याचं वाचलं. चांगलं आहे. पण बाई गं, हा माणूस याआधी किती वेळा सुधारला? तुझ्या लग्नातल्या पाटल्या सुधारता सुधारताच गेल्या ना? पोर माझ्याकडे आली तेव्हा भांडं पडलं तरी पलंगाखाली जाऊन बसायची. मी दुष्ट नाही. दिला शब्द पाळणार. पण जून अजून यायचाय, आणि गाढवापुढं गीता वाचून उपयोग नाही असं मी म्हटलं तर तुला राग येईल, म्हणून म्हणत नाही.

जपून राहा आणि मोठ्या बहिणीचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
आक्का

•

राहुरी,
ता. १३ मे १९५७

चि. एस्तेरला आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. का नाही, ते मला कळलंय. तुमच्या पाळकसाहेबांच्या बाई माझ्या नणंदेच्या मैत्रीण, तिथून बातमी आली. महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात प्रभुभोजनाच्या रसाचा प्याला हातोहात फिरत शांतवनरावांकडे आला आणि त्यांनी तो ओठाला न लावता शेजाऱ्याच्या हातात दिला म्हणे. सगळ्या मंडळीदेखत!

प्याला कोण नाकारतो, हे तुला मी सांगायला नको. ज्याच्या मनात पाप दडलंय आणि ते पदरात घेऊन प्रभूच्या मेजाशी बसायची ज्याची छाती होत नाही, तो. एवढी तरी भीती उरली म्हणायची! आणि विचारलं तर तोंडातून अवाक्षर नाही. काय समजायचं आम्ही? परत सुरू झालं, दुसरं काय. आणि तू ते झाकतेस, मागं झाकायचीस तसंच.

मला फार राग आला आहे. कृपा येणार नाही. इथल्या शाळेत मी तिचं नाव घालते. तुला रडू येईल. येऊ दे, पोर पलंगाखाली बसण्यापेक्षा ते बरं.

तुझ्याच काळजीतली,
आक्का

•

मुळशी,
ता. २२ मे १९५७

ती. आक्कास,
एस्तेरचा सलाम.

तुझं पत्र उशाखाली घेऊन मी रडले. पण आता लिहिते आहे ते रडून नव्हे.

मी तुला लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते मलाच कळत नव्हतं. त्या रविवारीही संध्याकाळी ह्यांनी माझ्यापुढं तोंड उघडलं. वास नव्हता. मग प्याला का सोडला? विचारलं, तर भिंतीकडे तोंड करून पडले. बायका पाणवठ्यावर मला बघून गप्प व्हायच्या. पाळकसाहेब दोनदा घरी आले, तरी हे मुकेच. शेवटी परवाच्या रविवारी उपासनेनंतर मंडळी बसली. ह्यांचं नाव मंडळीतून काढायचं की ठेवायचं ते ठरवायला.

आता आमची रीत सांगते. प्रभुभोजनाचा रस आमच्याकडे रंभाबाई करतात. सासूबाईंच्या वयाच्या आहेत. शनिवारी मनुका भिजत घालायच्या, रविवारी सकाळी कुस्करून गाळायच्या. वर्षानुवर्षं त्यांचंच काम, कुणाला हात लावू देत नाहीत. आणि प्याल्यात उरेल ते मंडळीतल्या वडिलांनी संपवायचं, सांडायचं नाही. आमच्या मंडळीचे नेमलेले वडील म्हणजे कुशाबा. जन्मात दारूला शिवलेले नाहीत, आणि ते सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

तर ह्यांच्यावर बोलायला कुशाबा उभे राहिले. म्हणाले, त्या दिशी हा पापी प्याला सोडून बसला, आन् माज्यावर मातूर आत्मा उतरला. उपाशीपोटी उरलेला रस घेतला, तर अंग हलकं झालं, डोळ्यांत पानी आलं, घरी जाऊन दुपारभर गीतं गाइली. बायको गप बसा म्हनाली, पर आत्मा गप बसंना!

पाळकसाहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी रंभाबाईंना विचारलं, या खेपेला मनुका कधी भिजवल्या. तर म्हातारी म्हणाली, लेक बाळंत व्हायची म्हणून पौडाला जायचं व्हतं, तवा मंगळवारीच घातल्या, चुलीमागं झाकून, आन् रविवारी पहाटं येऊन गाळल्या.

आक्का, मे महिन्यातल्या या उन्हात, मंगळवारपासून! मलाही घोट आंबट लागला होता, पण मला वाटलं मनुका हलक्या असतील. हातभट्टीचा वास मी ओळखते, मनुकांचा कुठला ओळखणार? ओळखणारा एकच होता. सगळे ह्यांच्याकडे वळले. पाळकसाहेबांनी विचारलं, तुम्हाला कळलं होतं का. ह्यांनी होकारार्थी मान हलवली.

मग बोलले. सगळं बोलणं मला आठवतंय. म्हणाले, प्याला नाकापाशी आला आन् हात आपला आपन तोंडाकडं निघाला. कुनी मला दोष दिला नसता. देवाचाच प्याला, देवाच्याच मेजावर, बायकूच्या शेजारी बसून. भट्टीपासनं पळता येतं, हितनं कुटं पळायचं? बोलायला थांबलो असतो तर प्यालो असतो, म्हनून फुडं दिला. आन् मागनं काय सांगू? दारुड्यानं म्हनायचं, की प्रभूच्या प्याल्यात दारू हाय? आन् रंभामावशीनं त्ये ऐकायचं?

रंभाबाई पदरात तोंड घालून रडायला लागल्या, तर हेच उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसले. कुशाबा तर असे खाली बघत होते, की मला त्यांची कीव आली.

पण आक्का, खरं पुढंच आहे. पाळकसाहेब गहिवरून म्हणाले, की आजपासून प्याला शांतवनांच्या स्वाधीन करू, रस त्यांनी पारखावा, यांच्याइतका जागा माणूस मंडळीत नाही. सगळे हो म्हणाले. माझी छाती भरून आली. मान मिळाला, नाव धुऊन निघालं, आणखी काय हवं? आणि ह्यांनी हात जोडले. म्हणाले, सायेब, मला मोठं करू नगा. मला त्याच्यापासनं लांब ठिवा.

प्रभूनं शेवटच्या रात्री बागेत जागं राहायला सांगितलं आणि शिष्य झोपले, हे आपण लहानपणापासून ऐकलं. जागं राहणं म्हणजे काय, ते मी माझ्या घरात पाहिलं. रात्री हे झोपले होते आणि मी त्यांच्याकडे बघत बसले होते. मला त्यांची भीती वाटली, आक्का. देवळात वाटते तशी.

कृपाचं मी मागत नाही. तू ठरव. रागातही माया विसरत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

तुझी,
एस्तेर

•

राहुरी,
ता. ३० मे १९५७

चि. एस्तेरला, आणि या खेपेला चि. शांतवनरावांनाही, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या दाजींनी मोठ्यानं वाचलं. कुशाबांच्या आत्म्यावर आम्ही पोट धरून हसलो. पुढं वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून पत्र माझ्या हातात दिलं, आणि शेवटचं पान मी एकटीनं मनात वाचलं. प्याला सोडला ते मोठंच. पण कौतुकाचा पाट मांडला असताना त्यावर न बसणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. त्यांना म्हणावं, आक्कानं हार मानली.

आता माझं ऐक. तेरा तारखेला मी तुला लिहिलं, की मला फार राग आला. खोटं लिहिलं गं. बातमी ऐकली आणि पहिल्यांदा मला आनंद झाला. पोर आता माझ्याचकडे राहील, म्हणून. तुझा संसार बुडतोय आणि मी तिच्या परकराला कापड बघतेय! आणि वर तुला प्रभुभोजनाचा अर्थ समजावला. माझ्या तोंडाचा वास कुणी घेतला असता, तर कळलं असतं.

कृपा येत्या सोमवारी निघते. तुझे दाजी तिला घेऊन येतील. पुण्याहून पौडची गाडी धरतील, शांतवनरावांनी पौडला घ्यायला यावं. तिला गूळशेंगदाणे लागतात आणि वेणी घट्ट घातलेली आवडत नाही. रात्री बिलगेल, बिलगू दे.

मी सोबत येत नाही. रागावू नकोस. आले तर तिचा हात सोडवणार नाही मला, तिला घेऊनच परत येईन. मलाही लांबच ठेवा.

घर फार शांत होणार आहे, तेव्हा आठवड्याला एक तरी कार्ड टाकत जा.

तुझी,
आक्का