किमान रक्कम

कोपरखैरणे,
रविवार, दि. २२ नोव्हेंबर १९९८

प्रिय मंजू,

दरवेळी मी 'चि. सौ. मंजुषा हीस अनेक आशीर्वाद' असं लिहितो. आज दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, म्हणून हा तिसरा कागद. तुझं वडूजहून ११ तारखेला टाकलेलं पत्र १४ तारखेला पोहोचलं. पिनकोडमध्ये शेवटी तू सात लिहिलंयस, नऊ पाहिजे. पोस्टमन ओळखीचा म्हणून आलं. आईला मी ते दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा एक जागा गाळली. तू लिहिलंयस, 'पैशाचं मी सोसलं असतं. पण एवढं कर्ज झालं कसं विचारलं की हे खाली बघतात. काहीतरी लपवतायत. अण्णा, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. परत जाऊ की नको ते तुम्हीच सांगा, तुम्ही सांगाल ते करीन.' ती जागा.

येत्या रविवारी हौसेरावमामा वडूजहून टेम्पो घेऊन कळंबोलीला जाणार, तुझं कपाट आणि भांडीकुंडी आणायला, हेही वाचलं. एकदा टेम्पो भरला आणि बिल्डिंगनं बघितला की मग मागं फिरणं अवघड होतं. म्हणून हे पत्र उद्या सकाळी ड्यूटीच्या आधी मी स्वतः पोस्टात टाकणार आहे, गुरुवारपर्यंत तुला मिळेल.

इकडं मार्केटात कांद्यानं वेड लावलंय. किरकोळीला किलोमागे चाळीस-पन्नास. एरवी गोणीतून सांडलेल्या कांद्याकडं कुणी बघत नाही, आता दोन-दोन शेठ एका गोणीवरून माझ्या काट्यापाशी भांडतात, आणि मी वजन बोललो की दोघंही गप्प. 'बाबासो बोलला म्हणजे झालं.' हे मी फुशारकीनं सांगत नाही. नाही, फुशारकीनंच सांगतोय. चौथीत शाळा सुटलेला माणूस मी. मस्जिद बंदरला गोण्या वाहता वाहता त्यांच्यावरची अक्षरं वाचून इंग्रजी शिकलो. मग रद्दीवाल्याकडून डिक्शनरी घेतली, तिची पहिली सोळा पानं नव्हती, म्हणून 'ए'चे शब्द मला अजून कच्चे. हमालाचा तोलणार झालो. सिडकोचं पत्र असो, विजेचं बिल असो की विम्याची नोटीस, सेक्टरमधली माणसं कागद घेऊन आपल्याच दाराशी येतात, हे तू लहानपणापासून बघितलंयस.

प्रियदर्शिनीचा खोकला बसला का? १९ डिसेंबरला दोन वर्षांची होईल. ती झाली तेव्हा तू शुद्धीत नव्हतीस, म्हणून तिथलं एक तुला कुणी सांगितलं नसेल. एक किलो सहाशे पन्नास ग्रॅम. नर्सनं आकडा सांगितला तेव्हा मी तिला परत वजन करायला लावलं होतं. मग अकरा दिवस काचेच्या पेटीत. सुट्टी मिळाली त्या सकाळी, तू वर वॉर्डात असताना, वाशीच्या त्या हॉस्पिटलच्या काउंटरवर बिल आलं एकोणीस हजार चारशे. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे खर्च माझा. माझ्या खिशात साडेसहा हजार होते, आणि भिशी निघायला अजून नऊ दिवस. मी 'बघतो, जरा थांबा' असं काहीतरी बोलत होतो, तेवढ्यात जावईबापूंनी पाकिटातून क्रेडिट कार्ड काढलं. तळोजाला कंपनीच्या गेटवर बँकेचा टायवाला पोरगा फॉर्म भरून घेऊन गेला होता, त्याचं ते. काउंटरवरच्या बाईनं ते लोखंडी यंत्रात ठेवून दांडा खरकन ओढला, म्हणाली, 'सही करा.' झालं. मी म्हटलं, 'जावईबापू, हे माझ्याकडं.' ते म्हणाले, 'राहू द्या अण्णा, महिन्याच्या महिन्याला फिटून जाईल.' आणि मंजू, मला हायसं वाटलं. तो विषय मी पुन्हा काढला नाही. सहा हजार पाचशेचं काय झालं तेही आज आठवत नाही, आणि मला असलं सगळं आठवतं.

उधारी काही आपल्याला नवी नव्हती. वाण्याची वही, आईची वीस बायकांची भिशी, मार्केटची पतपेढी, आणि जून आला की तुझ्या वह्या-पुस्तकांसाठी तारण जाणारी तिची बोरमाळ. शेजारच्या गोजराबाईंकडून वाटीभर साखर आणली की आई परत देताना वर चिमूट जास्त टाकायची. पण किती घेतलं, किती गेलं, किती राहिलं, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. तिला लिहिता येत नाही, म्हणून सगळं डोक्यात.

आता भाऊबीजेचं. वसुलीवाले कळंबोलीच्या जिन्यात उभे राहून ओरडून गेले, तेव्हा तुला या कर्जाचा पत्ता लागला. बँकेचे कागद कंपनीच्या पत्त्यावर यायचे, तुला कसं कळणार? तू दिवाळीला इकडं आलीस ती रडतच. भाऊबीजेला मामा आला आणि आम्ही जावईबापूंना बोलावून घेतलं. तू आत ओट्यापाशी होतीस. तुला आवाज ऐकू आले, चेहरे दिसले नाहीत. मामा म्हणाला, 'दाजी, पोरगी दिली म्हंजी विकली न्हाई आमी. बोला की जावई, दारू का पत्ते? का दुसरं काय?' ते म्हणाले, 'तसलं काही नाही मामा. माझंच चुकलं.' मांडीवर फाईल होती, ती दोन्ही हातांनी दाबून धरलेली. मग मी तोंड उघडलं. जावयाला आजवर एकेरी बोललो नव्हतो, त्या दिवशी बोललो. 'एकोणीस महिन्यांत साडेचौदा हजार भरलेस, शेवटचे तीन महिने कंपनी बंद म्हणून चुकले, तरी अजून अठरा हजार देणं? काय वाचत होतास काय? कागद कळत नव्हता तर मला विचारायचं होतंस!' हे तू ऐकलंस. तू ऐकलं नाहीस ते असं, की त्यांनी मान वर करून एकदाच माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी आणखी काही बोलतो का, एवढंच बघितलं. मग खाली बघत म्हणाले, 'होय अण्णा, विचारायला पाहिजे होतं.'

ते निघताना मी फाईल मागितली. 'राहू द्या अण्णा, मी बघतो.' मला वाटलं, बघा, आता चोरी सापडते. ओढूनच घेतली.

दोन दिवसांनी पतपेढीत गेलो. काउंटरवर वैशाली म्हणून पोरगी आहे, बी. कॉम., चुणचुणीत. तिला म्हटलं, या माणसानं कुठं खाल्लं ते शोधून दे. तिनं पाच मिनिटं कागद चाळले. 'काका, यांनी काही खाल्लं नाहीये. कंपनी बंद होती तेव्हा थोडा किराणा, बाळाची औषधं, बस. घोळ वेगळाच आहे. हे हप्ता समजून मिनिमम भरत राहिलेत. मिनिमम म्हणजे एवढं भरलं तर बँक तुमच्यामागे लागणार नाही, एवढंच. बाकीच्यावर अडीच टक्के चालूच.' मी म्हटलं, वर्षाला अडीच म्हणजे काही फार नाही. 'महिन्याला, काका.' मग तिनं सगळ्यात खालचा, पहिला कागद काढला. त्यावर त्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल, आणि शेजारी मराठीत, 'हप्ता. दरमहा एवढाच भरणे.' ती म्हणाली, 'हे कुणी लिहून दिलंय? वाट लावली की त्यांची!' मी म्हटलं, 'आहे आमच्या गावाकडचा एक.' 'अक्षर मात्र छान आहे हां,' म्हणाली.

मंजू, गावाकडचा तो मी.

सत्त्याण्णवच्या जानेवारीतला रविवार. तू बाळाला घेऊन आतल्या खोलीत शेगडीपाशी होतीस. जावईबापू पहिला कागद घेऊन आले, 'अण्णा, जरा बघता का, वर टोटल वेगळी दिसतेय.' मी चष्मा लावला. मिनिमम अमाउंट ड्यू. मिनिमम हा शब्द मी डिक्शनरीत शिकलो नाही, युनियनच्या सभेत शिकलो. किमान मजुरी. त्या शब्दासाठी आम्ही सतरा दिवस कामावर गेलो नव्हतो. किमान म्हणजे कायद्यानं ठरलेलं, ज्याच्या पुढं मालकाची मनमानी चालत नाही. माझ्या लेखी तो गरिबाच्या बाजूचा शब्द. तेव्हा बँकेच्या कागदावर तो दिसला आणि मला बरं वाटलं. म्हटलं, 'टोटल ती त्यांची वही. आपण हा आकडा बघायचा. एवढा भरला की कुणी बोट दाखवणार नाही.' तुझी आई मेथी निवडत बसली होती. म्हणाली, 'आवं, पन कितीपैकी कितवा हप्ता म्हनायचा ह्यो?' मी म्हटलं, 'बँकेत भिशी नसते. तू मेथी निवड.' जावईबापूही हसले, मग मी लाल पेन्सिल घेतली. कागदाच्या पाठीमागं बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं. मी पाठ उलटली नाही. वजनाची चिठ्ठी एकाच बाजूला छापलेली असते.

वैशालीनं सांगितलं तो दिवस २३ ऑक्टोबर. तुझं पत्र आलं १४ नोव्हेंबरला. मधले तीन आठवडे मी गप्प बसलो. भाऊबीजेनंतर मामाबरोबर गेलीस ती तिकडं रडतेस हे माहीत असून काट्यावर उभा राहून वजनं बोलत होतो. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कळंबोलीला गेलो. जावईबापू बनियनवर भात लावत होते. मला बघून आधी त्यांनी शर्ट घातला, मग पाणी दिलं. मी म्हटलं, 'तुम्हाला कधी कळलं?' 'जूनमध्ये. कामावरच्या एकानं समजावलं.' 'मग बोलला का नाहीत? माझ्याच घरात, मी तुम्हाला तसं बोलत असताना?' कुकरची शिट्टी होऊ दिली, गॅस बारीक केला आणि म्हणाले, 'मंजूला माझा राग आलाय अण्णा. राग आल्यावर जायला तिला एक घर पाहिजे ना. तुमचं नाव घेतलं असतं तर ती कुठं गेली असती?' मी भात खाऊन आलो. जेवताना आम्ही कंपनीच्या ओव्हरटाइमबद्दल बोललो.

गुरुवारी पतपेढीतून अठरा हजार उचलून बँकेचं खातं बंद केलं. जामीन मार्केटमधला भैरू. फॉर्म भरताना वैशालीला म्हटलं, तो गावाकडचा माणूस मी आहे. तिनं मान खाली घालून शिक्का मारला. हप्ते माझ्या पगारातून जातील. जावईबापू नको म्हणत होते, पण बाळंतपण माझं होतं, आणि ते मी दोन वर्षं उशिरा करतोय. काल संध्याकाळी आईसमोर तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचलं, काही न गाळता, आणि त्यापुढचं हे सगळं सांगितलं. 'मी इचारलं व्हतं' असं ती म्हणेल म्हणून मी तयारीत बसलो होतो. ती म्हणाली, 'लेकीला लिवा. हे समदं लिवा.'

म्हणून लिहितोय. ते काय लपवतात विचारलंस, तर मला लपवत होते. आणि परत जाऊ की नको, याचं उत्तर मी देणार नाही. तू लिहिलंस, अण्णा सांगतील ते करीन. त्यांनीही तेच केलं होतं, एकोणीस महिने, एक तारीख न चुकवता. लाल गोलाचा तो कागद सोबत जोडलाय, दोन्ही बाजूंनी वाच. हे पत्र मामांना मोठ्यानं वाचून दाखव, आणि टेम्पोचं काय ते तू ठरव, त्यांनी नाही आणि मीही नाही. आजवर जावईबापूंवर राग आला की तुला आमचं घर होतं. हे वाचून माझा राग येईल, येऊ दे, चांगला येऊ दे. तेव्हा जायला तुला कळंबोलीचं घर आहे.

तुझाच,
अण्णा