तेच खातं, नवं नाव

सोमवार, ३ मार्च

ही वही ताईने दिली. दिली म्हणजे हातात कोंबलीच. म्हणाली, राग आला की यात लिही, माणसांच्या अंगावर जाऊ नकोस. मागची नोकरी माझ्या तोंडाच्या पट्ट्यामुळे गेली असं तिचं मत आहे. माझं मत वेगळं आहे, पण वही झकास आहे. जाड कागद, शाईचं पेन सुरेख चालतं.

आज पहिला दिवस, आणि लिहिण्यासारखा राग आलाच नाही! दरवाजे बनवणारी कंपनी. खाली कारखाना, वर ऑफिस, जिन्यापर्यंत भुशाचा वास. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. रिसेप्शनवरच्या काकूंनी सगळीकडे फिरवून आणलं आणि कुठल्या खुर्चीचं चाक निसटतं तेही सांगून ठेवलं. माझ्या लेकीची, टिंगूची, शाळा इथून चालत दहा मिनिटांवर. चार वाजता जाऊन तिला घेऊन यायचं, मग ती माझ्या शेजारी बसून चित्रं काढणार. साहेब चक्क हो म्हणाले. सहा वर्षांच्या पोरीला माझ्याशिवाय आहे कोण? ताई आहे, पण ती दुसऱ्या गावात.

काम माझ्या आवडीचं. कंपनीची सगळी मेल, सगळे नकाशे, करार क्लाउडवर आहेत, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर. साहेबांना वाटायचं, क्लाउडवर आहे म्हणजे झालं. मी म्हटलं, काय डोंबल झालं! इथे कुणी चुकून पुसलं की तिथेही पुसलं जातं, आणि तीस दिवसांनी शोधायला जावं तर काही नाही. म्हणून रोज एक वेगळी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायची. तो बॅकअप सांभाळायला मी.

मंगळवार, ४ मार्च

लिहिण्यासारखा राग आला.

मला नवं खातं दिलंच नाही. माझ्या आधी इथे जी बाई होती तिचंच खातं, वरचं नाव तेवढं बदललेलं. आत तिची मेल, तिच्या फायली, तिची चुलीवरची भांडी म्हणा ना. साहेब म्हणाले, इथे असंच करतात, नव्या खात्याचा अर्ज मुख्य ऑफिसात पंधरा दिवस पडून राहतो. मी सांगितलं, अहो, बॅकअपच्या हिशेबाने मग ती आणि मी एकच माणूस! ते हसले.

आधीची कुठे गेली विचारलं, तर काकूंनी खूप आठवून बघितलं. दोन वर्षं समोर बसलेली बाई, आणि चेहरासुद्धा आठवेना त्यांना.

रागाच्या भरात काम मात्र फक्कड झालं. सगळ्या प्रतींना कुलूप घातलं. नव्वद दिवस एकही प्रत कुणाला पुसता येणार नाही. साहेबांना नाही, चोराला नाही, मलासुद्धा नाही.

शुक्रवार, ७ मार्च

माझा नियम आहे, प्रत घेतली म्हणजे काम झालं असं नाही, परत आणून दाखवली तर झालं. दर शुक्रवारी मी चाचणी घेते. आज आधीच्या बाईची एक जुनी मेल पुसली आणि प्रतीतून परत आणली, मूळ जागी. कॉम्प्युटरने विचारलं, या खात्याला यापुढे परत आणण्याची परवानगी आहे का. मी हो म्हटलं. दोन सेकंदांत मेल जागेवर. साहेबांना बोलावून दाखवली. त्यांनी मान डोलावली, कळलं काही नसणार.

टिंगूने आज दरवाजाचं चित्र काढलं. दरवाजाला दोन कड्या, एक तिची, एक माझी.

सोमवार, १० मार्च

अकरा वाजता टेबलावरचा फोन वाजला. म्हातारा आवाज, बाईचा. तिने विचारलं, आज उशीर होईल का गं तुला. मी म्हटलं, आजी, चुकीचा नंबर लागला. ती म्हणाली, आईला आजी कधीपासून म्हणायला लागलीस, आणि हसली. गोड हसते. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, तिचा आवाजही आता नीट आठवत नाही. फोन ठेवून दिला, मग ठेवला याचाच राग आला.

खण उघडला तर मागे एक पर्स. आत चष्मा, घराची किल्ली, कंगवा. पर्स न घेता नोकरी सोडते का कुणी?

बुधवार, १२ मार्च

माउस डावीकडे. काल मी उजवीकडे ठेवला होता, परवाही. काकूंवर ओरडले. त्या म्हणाल्या, तू डावरीच आहेस की, पहिल्यापासून. आणि मग जराशा गोंधळल्या. म्हणाल्या, आत्ता आठवली बघ ती आधीची, अगदी तुझ्यासारखी बसायची. मी कशी बसते ते मला माहीत आहे. मी अशी बसत नाही.

म्हातारीचा फोन रोज अकराला येतो. आता मी ठेवून देत नाही. का देत नाही ते विचारू नकोस, वही.

शुक्रवार, १४ मार्च

सापडलं. तळपायाची आग मस्तकात गेलीय, तरी लिहिते.

खात्यात एक काम लावून ठेवलंय. रोज सकाळी अकराला, जुन्या प्रतीतून थोडं थोडं परत आणायचं, आणि जे नवं असेल त्याच्यावर टाकायचं. लावणारी आधीची बाई, तिच्या शेवटच्या दिवशी. अडलं होतं फक्त परवानगीपाशी. ती मी दिली, गेल्या शुक्रवारी, मोठ्या ऐटीत, साहेबांना शेजारी उभं करून. आजपर्यंत एक्केचाळीस टक्के परत आलंय.

मसुद्यांत न पाठवलेली मेल होती. थोडक्यात उतरवते. ती म्हणते, तिच्याही आधी एक होती, तेच खातं, आणि आपण तिला पुसलं हे कळायला दोन वर्षं लागली. मग साहेबांनी सांगितलं, सोमवारी नवी येतेय, खात्यावर नाव तिचं लागेल. नाव बदलायच्या आधी मुख्य ऑफिस ते एकदा करून बघतं. ज्या दिवशी करून बघितलं, त्या दिवशी तिच्याच आईने तिला दारातून परत पाठवलं. कोण पाहिजे, असं विचारलं. पुढे लिहिलंय, आई एकटी असते. चांगलं काम करणारी बाई चाचणी घेतेच, तूही घेशील. मला माफ कर.

माफ कर! माझी पोर सहा वर्षांची आहे, बये!

काम बंद केलं. तीनदा बघितलं, बंद आहे.

सोमवार, १७ मार्च

चालू आहे. नोंदीत लिहिलंय की अकरा वाजून दहा मिनिटांनी, याच टेबलावरून, माझ्याच पासवर्डने कुणीतरी पुन्हा सुरू केलं. अकरा दहाला मी फोनवर होते. म्हातारी सांगत होती, गुडघा आज बरा आहे. माझा उजवा हात रिसीव्हरवर होता. डावा कुठे होता?

बंद होतं ते दोन दिवसही भरून काढलेत. बासष्ट टक्के.

दुपारी ताईला फोन लावला. तिने विचारलं, कोण बोलतंय. मला वाटलं थट्टा करतेय. मी चिडून बोलत सुटले, तेव्हा कुठे ओळखलं तिने. म्हणाली, आवाज वेगळाच लागत होता गं, शिव्या मात्र तुझ्याच.

मंगळवार, १८ मार्च

ठरवलं, आधीच्या बाईची प्रत कायमची पुसायची. हो, मला माहीत आहे म्हणजे काय ते. तिच्या आईचा आवाज माहीत आहे. तरी पुसायची. बटण दाबलं. उत्तर आलं, ही प्रत नव्वद दिवस कुणालाही पुसता येणार नाही.

मीच घातलेलं कुलूप. किती मन लावून घातलं होतं.

साहेबांच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला. माझं खातं वेगळं करा, आज, आत्ता! ते म्हणाले, अर्ज द्या, पंधरा दिवस. वर म्हणाले, काम तर चाललंय ना, मग खुर्चीत कोण आहे यावर एवढा तमाशा कशाला. या माणसाने दोन बाया पुसल्या, आता तिसरी, आणि चहा निवतोय याची त्याला काळजी. कप भिंतीवर फेकला. त्याला माझं नाव विचारलं. सांगता आलं नाही. कागद बघायला लागला, हरामखोर.

बुधवार, १९ मार्च

आज गेलेच नाही ऑफिसात. घरी बसले, दार लावून. अकराला घरचा फोन वाजला. म्हातारीच.

चारला शाळेत. टिंगू फाटकाशी उभी होती, माझ्याकडे बघितलं आणि नजर पुढे गेली. पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली. शाळेच्या बाईंनी विचारलं, आपण कोण. मग माझा जो काही आवाज चढला! सगळं फाटक गोळा झालं. तेव्हा टिंगू धावत आली आणि कमरेला मिठी मारली. म्हणाली, तू ओरडलीस म्हणून कळलं.

म्हणजे राग सोडायचा नाही. ताई, ऐकतेस का? राग सोडायचा नाही. तेवढंच माझं राहिलंय.

गुरुवार, २० मार्च

क्लाउडवर नाही अशी माझी एकच प्रत आहे, ही वही. म्हणून लिहिते. रोज सकाळी वाचायचं.

टिंगू माझी मुलगी. माझी. डाव्या भुवईत खाच, पलंगावरून पडली तेव्हाची. दुधावरची साय दिसली की तोंड फिरवते. एक मोजा घालून झोपते, एकच. चार वाजता शाळेचं फाटक. निळं दप्तर. माझ्याशिवाय तिला न्यायला कुणी नाही. कुणीही नाही.

साहेबाचा राग. खात्याचा राग. त्या आधीच्या बाईचा राग — तिचा कमी होतोय, तिची आई फार — नाही. नाही! तिचाही राग.

अठ्ठ्याऐंशी टक्के. शाई हाताला का लागतेय. डाव्या हाताला —

शुक्रवार, २१ मार्च

अकरा. उचलणार नाही. वाजू दे. टिंगू, भुवई, मोजा, फाटक. वाजतोय. मी चिडले आहे. मी चिडले आहे, मी चि —

उचलला. गुडघा बरा आहे म्हणाली —

शुक्रवार, दुपार

खणात माझ्या पर्सखाली ही वही सापडली. कुणाची कोण जाणे. बाई फार रागीट दिसते, पण अक्षर सुरेख आहे. माझी डाव्या हाताने लिहायची सवय, ओळ पुरी व्हायच्या आत शाई फिसकटते.

आज किती दिवसांनी बरं वाटतंय! काकूंनी चहा आणून दिला. आईचा पुन्हा फोन आला होता, तिला सांगितलं, आज लवकर निघते, वाट बघ.

शेवटच्या पानांवर एका मुलीबद्दल लिहिलंय. निळं दप्तर, चार वाजता शाळेचं फाटक. पुन्हा पुन्हा लिहिलंय, न्यायला दुसरं कुणी नाही म्हणून. घड्याळात पावणेपाच. काकूंना विचारलं, कुणाची मुलगी ही. त्यांना काही आठवेना. बिचारी तिथेच उभी असेल, रस्त्याकडे बघत. कुणीतरी जायला हवं. पण मी गेले तरी ती मला कशी ओळख —